दुचाकीच्या पुढील टायरचा आकार व गाडीची हाताळणी : एक विवेचन

सारांश

दुचाकीच्या पुढील चाकास मूळ आकारापेक्षा मोठे वा जाड टायर बसविण्याची प्रवृत्ती महाविद्यालयीन युवकांमध्ये मोठ्या प्रमाणात आढळते. या बदलाकडे शोभेची बाब म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात पुढील टायर हा गाडीच्या दिशानियंत्रणाचाच एक घटक होय. टायरचा व्यास व रुंदी यांत थोडाही बदल झाल्यास कोणकोणत्या राशी बदलतात, त्यांचा हँडल, वळण, ब्रेक व खड्डे यांच्याशी काय संबंध आहे, याचे सोदाहरण विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : दुचाकी, टायर, ट्रेल, स्थैर्य, वळण, रस्ता सुरक्षा.

प्रस्तावना

आपल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या वाहनतळावर सहज फेरफटका मारला, तर एक गोष्ट लक्षात येते. शंभर-सव्वाशे घनसेंटिमीटर क्षमतेच्या साध्या गाड्यांपैकी काहींच्या पुढील चाकांवर मूळचे टायर नसतात. त्या जागी जाड, भरदार टायर चढविलेले असते. विचारणा केल्यास ‘पकड चांगली मिळते’, ‘गाडी भारी दिसते’ अशी उत्तरे मिळतात. दुसरे उत्तर खरे आहे. पहिले कितपत खरे आहे, हा या लेखाचा विषय आहे.

या विषयाकडे वळण्यास एक वैयक्तिक कारणही घडले. एम.फिल.चे काम चालू असताना प्रस्तुत लेखकाने आपल्या जुन्या गाडीच्या पुढील चाकास ८०/१००-१८ या मूळ आकाराऐवजी १००/९०-१८ आकाराचे टायर बसवून घेतले. सरळ रस्त्यावर गाडी पूर्वीपेक्षा अधिक स्थिर वाटू लागली आणि निर्णय योग्य ठरल्याचे समाधानही लाभले. पुढे पावसाळ्यानंतर कुंभार्ली घाटातून चिपळूणकडे उतरताना एका डाव्या वळणावर पुढचा ब्रेक दाबला गेला. त्याबरोबर कललेली गाडी आपोआप उभी राहू लागली आणि वळण सोडून उजवीकडे, समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूस गेली. त्या क्षणी समोरून ट्रक आला नाही, म्हणून हा लेख लिहिता येत आहे. भौतिकशास्त्र शिकविणाऱ्यास आपल्याच गाडीचे भौतिकशास्त्र ठाऊक नव्हते, ही जाणीव त्या प्रसंगाने करून दिली. एका प्रसंगावरून सिद्धान्त मांडता येत नाही. परंतु एका प्रसंगावरून प्रश्न निश्चितच विचारता येतो.

लेखाची उद्दिष्टे व मर्यादा

१) टायरच्या आकाराचे मापन कसे वाचावे, हे स्पष्ट करणे.
२) व्यास व रुंदी यांतील बदलांचे हाताळणीवरील परिणाम आकड्यांसह समजावून घेणे.
३) हा विषय अध्यापनात कसा वापरता येईल, याचा विचार करणे.

लेखातील गणिते उदाहरणादाखल घेतलेल्या मापांवर आधारित आहेत. टायरचा काटछेद अर्धवर्तुळाकार आहे आणि वजनाखाली तो दबत नाही, असे सोयीसाठी गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात तो दबतो. तथापि त्यामुळे निष्कर्षांची दिशा बदलत नाही.

टायरवरील आकड्यांचा अर्थ

८०/१००-१८ या मापात पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये दर्शवितो. दुसरा आकडा टायरची उंची रुंदीच्या किती टक्के आहे, हे सांगतो. तिसरा आकडा म्हणजे रिमचा इंचांतील व्यास. १८ इंच म्हणजे ४५७.२ मि.मी. त्यात खाली व वर प्रत्येकी ८० मि.मी. टायर मिळविल्यास चाकाचा एकूण व्यास ६१७.२ मि.मी. व त्रिज्या ३०८.६ मि.मी. येते. १००/९०-१८ या टायरची उंची १०० च्या ९० टक्के, म्हणजे ९० मि.मी. असते. त्यामुळे व्यास ६३७.२ मि.मी. व त्रिज्या ३१८.६ मि.मी. होते. दुकानात ‘थोडे जाड’ म्हणून दिलेले हे टायर गाडीचे पुढचे टोक पूर्ण १० मि.मी. उचलते.

मापापुढे बहुधा एक संख्या व एक अक्षर असते. उदाहरणार्थ, ‘४७ पी’ यातील ४७ हा निर्देशांक त्या टायरची भारक्षमता १७५ किलो असल्याचे, तर ‘पी’ हे अक्षर कमाल वेगमर्यादा ताशी १५० कि.मी. असल्याचे सांगते. खरेदी करताना या खुणा पाहणारे ग्राहक विरळाच.

व्यास आणि ‘ट्रेल’

दुचाकीचे हँडल ज्या अक्षाभोवती फिरते तो अक्ष सरळ उभा नसतो. तो मागे झुकलेला असतो. हा अक्ष खाली वाढविला, तर तो चाकाच्या रस्त्यावरील स्पर्शबिंदूच्या काहीसा पुढे जमिनीस मिळतो. या दोन बिंदूंमधील अंतरास अभियंते ‘ट्रेल’ म्हणतात. सामानाच्या हातगाडीचे किंवा कार्यालयीन खुर्चीचे फिरते चाक आपल्या दांड्याच्या मागे राहून आपोआप सरळ होते, त्यामागील तत्त्व हेच. ट्रेल अधिक असल्यास चाक सरळ राहू पाहते, म्हणून हँडल जड पण स्थिर वाटते. तो कमी असल्यास हँडल हलके व चपळ, परंतु काहीसे चंचल होते.

ट्रेल काढण्याचे सूत्र सोपे आहे. चाकाच्या त्रिज्येस झुकावाच्या कोनाच्या ‘साइन’ने गुणावे, त्यातून अक्षापासून चाकाचे आस जितके पुढे बसविले आहे ते अंतर वजा करावे आणि उत्तरास त्याच कोनाच्या ‘कोसाइन’ने भागावे. समजा, झुकाव २६ अंश व आसाचे अंतर ४५ मि.मी. आहे. मूळ टायरसह ट्रेल सुमारे १०० मि.मी. येतो.

आता मोठे टायर बसवू. केवळ त्रिज्या १० मि.मी. वाढल्याने ट्रेल सुमारे १०५ मि.मी. होतो. परंतु बदल इथेच थांबत नाही. पुढचे टोक १० मि.मी. उचलले गेल्याने सारी गाडीच किंचित मागे कलते. दोन्ही चाकांच्या आसांतील अंतर १२५० मि.मी. मानल्यास झुकावाचा कोन जवळजवळ अर्ध्या अंशाने वाढतो. नव्या कोनासह हिशेब केल्यास ट्रेल सुमारे १०८ मि.मी. येतो. म्हणजे दोन परिणाम एकाच दिशेने काम करतात आणि ट्रेल एकूण ८ टक्क्यांनी वाढतो. सरळ रस्त्यावर गाडी स्थिर वाटण्याचे हे एक महत्त्वाचे कारण. आणि गर्दीतून वळताना तीच गाडी आळशी वाटण्याचे कारणही हेच. मूळ आकारापेक्षा लहान टायर बसविल्यास नेमके उलट घडते.

फिरत्या चाकाचा प्रभाव

सायकल व दुचाकी तोल कसा सांभाळते, या प्रश्नास ‘चाक भोवऱ्याप्रमाणे फिरते म्हणून’ असे उत्तर अनेकदा वर्गात दिले जाते. फिरते चाक आपल्या अक्षाची दिशा सहजासहजी सोडत नाही, हे खरे आहे. गाडीचा वेग तोच असताना हा प्रभाव चाकाच्या कडेवरील वस्तुमान व त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढतो. मोठे टायर दोन्ही बाबतींत वरचढ असल्याने वेगात गाडी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस कलविण्यास हँडलवर अधिक जोर द्यावा लागतो.

तथापि हे उत्तर अपुरे आहे. ब्रिटिश वैज्ञानिक डेव्हिड जोन्स यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सायकलच्या पुढील चाकालगत उलट दिशेने फिरणारे दुसरे चाक बसवून भोवऱ्याचा प्रभाव नाहीसा केला, तरीही ती सायकल चालविता आली. पुढचे चाक अक्षाच्या पुढे नेऊन ट्रेल उलटा केला, तेव्हा मात्र सायकल सांभाळणे फार अवघड झाले. त्यावरून ट्रेल हेच खरे कारण असे मानले जाऊ लागले. पुढे २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कोइमन, माइयार्ड, पापाडोपोलस, रुइना व श्वाब यांनी दाखवून दिले, की हे दोन्ही प्रभाव काढून टाकले तरी वस्तुमानाची योग्य मांडणी केल्यास स्वतःचा तोल सांभाळणारी सायकल बनविता येते. तात्पर्य, स्थैर्याचे कोणतेही एकच कारण नाही. अनेक राशी परस्परांशी गुंतलेल्या असतात व त्यांपैकी एकीला धक्का लावला की इतरांचेही संतुलन बदलते.

रॉबिन शार्प यांनी १९७१ मध्ये मोटरसायकलच्या स्थैर्याचे गणिती विश्लेषण केले. त्यात पुढील चाक व हँडल यांचे जलद थरथरणे आणि संपूर्ण गाडीचे संथ नागमोडी हेलकावणे ही दोन स्वतंत्र आंदोलने स्पष्ट झाली. पहिल्याची वारंवारता सेकंदास साधारण ६ ते १० इतकी असते. चालकास प्रतिक्रिया देण्यासही पुरेसा अवधी मिळत नाही. या आंदोलनांवर टायरचे गुणधर्म व ट्रेल या दोहोंचा प्रभाव पडतो. म्हणूनच ‘ट्रेल वाढला म्हणजे स्थैर्य वाढले’ असे सरसकट विधानही करता येत नाही.

रुंदीचे परिणाम

पहिला प्रश्न पकडीचा. रुंद टायर रस्त्यास अधिक क्षेत्रफळाने टेकते, असा सर्वसाधारण समज आहे. स्पर्शक्षेत्राचे क्षेत्रफळ मुख्यतः चाकावरील भार व हवेचा दाब यांवर ठरते. पुढील चाकावर ८० किलो भार व हवेचा दाब २५ पौंड असेल, तर स्पर्शक्षेत्र सुमारे ४५ चौरस सेंटिमीटर येते. भार व दाब तेच ठेवले, तर टायर रुंद केल्याने या क्षेत्राचा आकार बदलतो. ते आडवे पसरते व लांबीला कमी होते. क्षेत्रफळ मात्र फारसे वाढत नाही. पकडीवर रबराचा दर्जा, टायरचे वय, हवेचा दाब व रस्त्याची स्थिती यांचा प्रभाव अधिक असतो.

दुसरा प्रश्न कलण्याचा. ताशी ३६ कि.मी. वेगाने २० मीटर त्रिज्येचे वळण घेताना, टायर अत्यंत पातळ असते तर गाडीस सुमारे २७ अंश कलावे लागले असते. टायरला जाडी असल्याने कलताना स्पर्शबिंदू मधोमध न राहता वळणाच्या आतील बाजूस सरकतो. त्याची भरपाई म्हणून गाडीस आणखी थोडे कलावे लागते. गुरुत्वमध्य ६०० मि.मी. उंचीवर मानल्यास दोन्ही टायर ८० मि.मी. रुंद असताना ही भर सुमारे १.९ अंश, तर १०० मि.मी. असताना सुमारे २.४ अंश येते. फरक अर्ध्या अंशाचा. आणि एकच टायर बदलले तर त्याहूनही कमी. केवळ एवढ्याने गाडी धोक्यात येणार नाही.

तिसरा व अधिक गंभीर प्रश्न ब्रेकचा आहे. गाडी सुमारे २९ अंश कललेली असताना ८० मि.मी. रुंद टायरचा स्पर्शबिंदू चाकाच्या मध्यप्रतलापासून सुमारे १९ मि.मी. आत असतो. १०० मि.मी. रुंद टायरचा तो २४ मि.मी. असतो. पुढचा ब्रेक दाबताच रस्ता या बाजूस सरकलेल्या बिंदूवर मागील दिशेने बल लावतो. हँडलचा अक्ष मात्र मध्यप्रतलातच असतो. परिणामी हँडल वळणाच्या आतील बाजूस ओढले जाते. हँडल आत वळले की चाक गाडीच्या खाली येते व गाडी उभी राहू लागते; आणि उभी राहिलेली गाडी तेवढे वळण घेऊ शकत नाही. ती बाहेर जाते. टायर जाड झाल्याने ही ओढ सुमारे २५ टक्क्यांनी वाढते. कुंभार्ली घाटात जे घडले, त्याचे स्पष्टीकरण या परिच्छेदात आहे. ही ओढ मूळच्या टायरलाही असते. परंतु हाताला तिची सवय असते. सवयीपेक्षा पाव हिस्सा अधिक ओढ अनपेक्षितपणे आली, तर विचार करण्यास वेळ उरत नाही.

यात रिमचाही विचार करावयास हवा. अरुंद रिमवर रुंद टायर चढविल्यास त्याच्या दोन्ही कडा आवळल्या जातात, काटछेद अधिक टोकदार होतो व बाजूच्या भिंती हव्या तशा ताठ राहत नाहीत. त्यामुळे टायर उत्पादकाने ज्या गुणांसाठी ते रुंद केले, ते गुण अशा रिमवर मिळत नाहीत.

खड्डे व चाकाचा व्यास

मोठ्या व्यासाचे लाभही नोंदविले पाहिजेत. ५० मि.मी. उंचीच्या कठड्यावर चाक हळूहळू चढविण्यास चाकावरील भाराच्या किती प्रमाणात आडवे बल लागते, याचा हिशेब पुढीलप्रमाणे :

तक्ता क्र. १ : चाकाचा आकार व अडथळा
९०/१००-१० : त्रिज्या २१७ मि.मी. : भाराच्या ८३ टक्के
९०/९०-१२ : त्रिज्या २३३ मि.मी. : भाराच्या ७९ टक्के
८०/१००-१८ : त्रिज्या ३०९ मि.मी. : भाराच्या ६५ टक्के
९०/९०-२१ : त्रिज्या ३४८ मि.मी. : भाराच्या ६० टक्के

लहान चाकाची स्कूटर खड्ड्यात जोराने आदळते, हा सर्वांचा अनुभव या आकड्यांत दिसतो. होंडा अ‍ॅक्टिव्हाच्या २०२० मधील आवृत्तीत पुढील चाक १० इंचांवरून १२ इंचांवर नेण्यात आले. २०१६ साली आलेल्या रॉयल एन्फिल्ड हिमालयनला पुढे २१ इंची चाक होते, ते दगडगोट्यांच्या वाटांसाठी. उलटपक्षी पुण्याच्या बजाज ऑटोने २००१ मध्ये बाजारात आणलेल्या पल्सरची आरंभीची १८ इंची चाके पुढे १७ इंची करण्यात आली. शहरी रस्त्यांवरील चपळ गाडीस असा आकार मानवतो. या सर्व उदाहरणांत चाकाचा आकार एकट्याने ठरत नाही. हँडलच्या अक्षाचा झुकाव, आसाचे अंतर, फोर्कची लांबी व आसांतील अंतर यांच्यासह तो ठरतो. २१ इंची चाक असलेली गाडी त्या चाकासाठीच घडविलेली असते. आपण दुकानात बदलतो ते केवळ टायर. बाकीची भूमिती जागच्या जागी राहते.

ब्रेक, वेगमापक व कायदा

चाकाची त्रिज्या वाढली, की ब्रेकच्या त्याच दाबास रस्त्यावर मिळणारे रोधक बल कमी होते. आपल्या उदाहरणात ही घट सुमारे ३ टक्के आहे. वेगमापकाची जोडणी पुढील चाकास असेल, तर तो कमी वेग दाखवितो. काटा ६० वर असताना खरा वेग सुमारे ६२ असतो. भारतात १२५ घनसेंटिमीटरहून अधिक क्षमतेच्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस यंत्रणा अनिवार्य झाली आहे. ही यंत्रणा चाकांच्या फिरण्याच्या गतीवरून चाक अडकते आहे का, हे ठरविते. एका चाकाचा परीघ बदलणे म्हणजे या यंत्रणेस मिळणाऱ्या माहितीत फेरफार करणे होय.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा आशयही लक्षात घ्यावा. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूलतः दिलेल्या तपशिलांपासून भिन्न होतील, असा बदल वाहनमालकास करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका अधोरेखित केली.

अध्यापनातील उपयोग

हा विषय प्रयोगशाळेत कोणत्याही खर्चाविना शिकविता येतो. टायरवर खडूची खूण करून गाडी एक पूर्ण फेरा ढकलावी. जमिनीवरील दोन खुणांमधील अंतर म्हणजे परीघ. हेच मोजमाप चालक बसलेला असताना व हवा कमी असताना पुन्हा घ्यावे. हँडलच्या अक्षाच्या रेषेत दोरी ताणून ती जमिनीस कोठे मिळते ते पाहावे, चाकाच्या आसापासून ओळंबा सोडावा व दोन्हींमधील अंतर मोजावे, हाच ट्रेल. गणिताच्या विद्यार्थ्यांस त्रिकोणमिती, भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांस बलाचे परिबल आणि विधी शाखेच्या विद्यार्थ्यांस कलम ५२ एकाच गाडीपाशी भेटते. बहुविद्याशाखीय अध्यापनासाठी याहून जवळचे उदाहरण क्वचितच सापडेल.

निष्कर्ष

१) पुढील टायरचा व्यास वाढल्यास ट्रेल वाढतो व हँडल जड होते; पुढचे टोक उचलले गेल्याने हा परिणाम आणखी वाढतो.
२) टायरच्या रुंदीने पकड आपोआप वाढत नाही, मात्र वळणावर ब्रेक लावताना गाडीचे उभे राहणे निश्चितपणे वाढते.
३) मोठ्या व्यासाचे चाक खड्ड्यांवर उपकारक असले, तरी त्याचा लाभ त्या चाकासाठी घडविलेल्या गाडीतच पूर्णत्वाने मिळतो.
४) चालकाच्या पुस्तिकेत दिलेला आकार, योग्य रिम, योग्य हवा व न झिजलेले रबर हा सर्वांत सुरक्षित व स्वस्त उपाय होय.

प्राध्यापक या नात्याने आपण हेल्मेटचा आग्रह धरतो, तो योग्यच आहे. हेल्मेट अपघातानंतर उपयोगी पडते, टायर अपघाताआधी. वाहनतळावर एखाद्या विद्यार्थ्याच्या गाडीचे जाड टायर दिसल्यास त्यास रागे भरण्याऐवजी त्याच्या हाती ओळंबा, दोरी व फूटपट्टी द्यावी आणि मोजण्यास सांगावे. मोजून पटलेली गोष्ट तो घाटातल्या वळणावर विसरणार नाही, असा विश्वास वाटतो.